चेहऱ्यालाही वाफसा हवा



एरवी मी तुमच्याशी बोलते ते भुरी-केवड्याबद्दल, ठिबकच्या तुंबलेल्या नळ्यांबद्दल, नाहीतर चाळीतल्या कांद्याबद्दल. आज चेहऱ्याबद्दल लिहिणार आहे. "शेतीच्या बाई आता तोंडाला काय लावायचे ते सांगायला लागल्या!" म्हणून हसाल तर खुशाल हसा, पण लेख पुरता वाचा. आणि हे पान कारभाऱ्यांच्या हाती लागले तर त्यांनीही वाचावे. त्यांच्या कामाचे यात थोडे आहे.

गेल्या पौषातली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका गावी द्राक्षाची शेतीशाळा होती. थंडी अशी की मंडळी उन्हाच्या तिरिपेत सरकून बसलेली. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याचा आकडा हिवाळ्यात साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत छापून येतो. शाळा संपली, पुरुषमंडळी पांगली आणि मागे बसलेली एक वहिनी जवळ आली. नवऱ्याच्या बरोबरीने दोन एकर बाग सांभाळणारी, वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. सबंध वेळ पदर तोंडावर ओढून बसली होती. मला वाटले थंडीमुळे.

"ताई, बागेचं सगळं सांगितलं. आता याचं काही सांगा," म्हणत तिने पदर बाजूला केला. दोन्ही गाल लालभडक, ओठांच्या कडेला पापुद्रे, कपाळावर पाणी आटलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा. साबण लावला की आग होते, नाही लावला तर कातडी ओढल्यासारखी होते. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. धाकटी जाऊ म्हणते पार्लरमध्ये चला. वहिनीने लिंबू चोळून पाहिले, हळद-बेसन लावून पाहिले, आणि आता लग्नकार्याला जायचेही तिने सोडले होते. "लोक विचारतात, तोंडाला काय झालं? काय सांगू?"

मी तिला वेगळेच विचारले. पाळी वेळेवर येते का? ती इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, दोन महिने येत नाही, मग एकदम वीस दिवसांत येते. रात्री अंगातून वाफा निघतात, गोधडी फेकून द्यावीशी वाटते. चेहऱ्याचा आणि पाळीचा काही संबंध असेल, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मला तरी कोणी सांगितले होते? एकोणपन्नासाव्या वर्षी माझीही तीच गत झाली. स्कूटरवरून गावोगाव फिरणे, डोक्यावर ऊन, गालांची आग. तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात विचारले. दुकानदाराने एक लहानशी ट्यूब काढून दिली. आठ दिवसांत चेहरा असा तुकतुकीत झाला की कचेरीतल्या दोघी मैत्रिणींनी नाव विचारून घेतले. पाच-सहा महिने लावत राहिले. मग उन्हात गेले की गाल पेटल्यासारखे व्हायला लागले, बारीक पुटकुळ्या आल्या, नाकाच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसू लागल्या. दोन दिवस ट्यूब बंद ठेवली तर आरशात पाहवेना. शेवटी नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली आणि ती माझ्यासमोर ठेवली. आत स्टेरॉइड होते. बरे व्हायला मला पुढचे पाच महिने लागले.

लाज कशाची वाटली सांगू? कीटकनाशकाच्या डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण शेतकऱ्याला समजावून देण्यात माझी उभी नोकरी गेली. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतीची पदवी घेतलेल्या मी स्वतःच्या तोंडाला लावायच्या ट्यूबवरचे एक अक्षर वाचले नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. आपल्या देशात पाळी कायमची जाण्याचे वय सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते एक्कावन्नच्या आसपास. पण पाळी काही एका दिवसात जात नाही. त्याआधी तीन-चार वर्षे, कोणाला त्याहूनही जास्त, ती मागेपुढे होत राहते. या काळात बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक कधी जास्त, कधी कमी असे हेलकावे खात शेवटी उतरते. गर्भाशयाखेरीज हाडे, झोप, मन आणि कातडी यांनाही त्याची सवय असते. ते उतरले की कातडीतले तेल कमी होते आणि ओल धरून ठेवण्याची ताकद घटते. कातडीला घट्टपणा देणारे कोलॅजेन नावाचे द्रव्यही झिजते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे तीस टक्क्यांपर्यंत घटते, असे डॉक्टर सांगतात. म्हणून वीस वर्षे ज्या साबणाने काही झाले नाही, तोच साबण आता झोंबतो. त्यात अंगातून वाफ आली की गालांकडे रक्त धावते आणि आधीच उघडी पडलेली कातडी आणखी लाल होते.

ज्या भगिनींची पिशवी काढली आहे त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील तर हा बदल तीन-चार वर्षांत न होता एकदम होतो, मग वय पस्तीस का असेना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या अशा ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, चौकशी समिती नेमली गेली. आपल्याकडेही घरोघर पिशवी काढलेल्या बाया आहेत. तुमचे बीजकोश ठेवले आहेत की काढले आहेत, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद शोधून ठेवा.

मी त्या वहिनीला मातीच्याच भाषेत सांगितले, कारण मला दुसरी भाषा येत नाही. चोपण जमीन आपल्याला माहीत आहे. सामू साडेआठच्या वर गेला की माती चिकट होते, वाळली की दगड, आणि भेगा पडतात. निरोगी कातडीचा सामू पाचच्या आसपास असतो, म्हणजे किंचित आंबट. आणि अंगाचा वडीचा साबण? बहुतेक साबणांचा सामू नऊ-दहा. तरण्या कातडीला पुरेसे तेल असते, ती तासा-दोन तासांत सावरते. पन्नाशीकडे झुकलेली कातडी सावरता सावरता दुसरी आंघोळ येते. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर विचारूच नका. ज्या पाण्याने ठिबकचे तोंड क्षारांनी बंद होते, त्याच पाण्याने आपण तोंड धुतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे काढून टाकण्याचे. सकाळी चेहऱ्याला साबण नको, नुसते पाणी पुरे. संध्याकाळी धूळ, घाम, चुलीचा धूर असतो. तेव्हा धुवायचे असेल तर कमी सामूचा, फेस न होणारा सौम्य द्रव मिळतो तो घ्यावा. तो नसला तर अंगाचा मऊ साबण हातावर फेसून फक्त घाम-तेल साचते तिथे, नाक-हनुवटीला लावावा, गालांना नाही. थंडीत बंबातले कढत पाणी तोंडावर ओतायचे सुख मोठे असते, पण ते उरलेसुरले तेलही धुऊन नेते. पाणी कोमटच हवे. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की कातडी भाजून काळे डाग पडतात, हे मी दोन घरांत पाहिले आहे. बेसन, मसुराचे पीठ, संत्र्याच्या साली यांनी चोळणे या वयात बंद. दुधाची साय लावायची हौस असेल तर हरकत नाही, पण लगेच धुवावी लागते आणि तिच्याने दिवसभराचे काम होत नाही.

दुसरे काम वाफशाचे. पाऊस पडला की आपण लगेच औत घालत नाही, आणि माती पार वाळू देऊनही घालत नाही. वाफसा आला की घालतो. तोंड धुतल्यावर जुन्या मऊ सुती कापडाने नुसते टिपा, चोळू नका. कातडी ओलसर आहे पण पाणी गळत नाही, हा तिचा वाफसा. तो दोन-तीन मिनिटेच टिकतो. त्या दोन-तीन मिनिटांत लावलेले तेलकट मलम आतली ओल धरून ठेवते, बागेत उसाच्या पाचटाचे आच्छादन ओल धरते तसे. कोरड्याठाक कातडीवर तेच मलम लावले तर कोरडेपणावरच झाकण बसते. आपण बहुतेक जणी रात्री सगळे आवरल्यावर, तोंड धुऊन तास उलटल्यावर क्रीम लावतो आणि म्हणतो, काही गुण येत नाही.

मलम कोणते? महागडे नको. साधी पेट्रोलियम जेली, बिनवासाची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी घेऊन तळहातांवर पसरवायची आणि गालांवर अलगद दाबायची. एवढी सबंध चेहऱ्याला पुरते. रात्री हीच उत्तम. दिवसा चिकट वाटत असेल तर ग्लिसरीन असलेले साधे बिनसुगंधी क्रीम चालते. नुसते ग्लिसरीन मात्र थंडीच्या कोरड्या हवेत तसेच लावू नये. त्यात पाणी मिसळावे आणि वर थोडी जेली लावावी. खोबरेल तेल सोसत असेल तर तेही चांगले. मोहरीचे तेल नको, ते झोंबते. सुगंध जितका कमी तितके बरे, गुलाबपाण्याचासुद्धा.

आणि नवीन काहीही आणले तरी ते एकदम तोंडाला लावायचे नाही. नवीन औषध आले की आपण अख्ख्या बागेवर मारतो का? आधी चार वेलींवर मारून पाहतो. तसे कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली नाही आली तर मग चेहरा.

आता शेतावरचे. चेहऱ्याची पुस्तके शहरात लिहिली जातात, त्यांत हे सापडणार नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग होते. ते काम पुष्कळदा बायाच करतात, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांतल्या आणि घरच्याही. हे औषध कातडीला जाळते. रबरी हातमोजे घालूनच ते करावे, आणि मोजे घातलेल्या हाताने कपाळाचा घाम पुसू नये. सगळ्यांची चूक तिथेच होते. भुरीसाठी गंधकाची धुरळणी झाली की ती भुकटी घामावर बसते आणि डोळे-गाल चुरचुरतात. काम झाल्यावर आधी हात धुवावेत, मग तोंड. आपण उलटे करतो. तोंडाला बांधलेला रुमाल संध्याकाळी वेगळा धुवावा, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधू नये. कारभाऱ्यांना सांगायचे ते हे की फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांच्या ढिगात टाकू नका. ते धुणाऱ्या बाईच्या हाताला औषध लागते आणि हातावरून ते चेहऱ्यावर जाते. वेगळी बादली ठेवा, आणि जमले तर तुमचे तुम्हीच धुवा.

गाजरगवताबद्दल मात्र मला सविस्तर सांगितलेच पाहिजे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले हे तण आता बांधाबांधावर आहे. त्याचे परागकण आणि वाळलेल्या पानाफुलांचा चुरा हवेतून चेहऱ्यावर बसतो. ज्याला त्याचे वावडे होते त्याच्या पापण्या सुजतात, गाल-मान खाजून जाड आणि काळवंडलेली होते, कोपरांच्या खळग्यांतही खाज येते. पावसाळ्यात त्रास वाढतो, गाव सोडून पाहुण्यांकडे गेले की कमी होतो. ही खूण लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे निंदणी करूनही काही झाले नाही, म्हणून आता होणार नाही असे नसते. वावडे कोणत्याही वयात जडते आणि कोरडी, भेगाळलेली कातडी त्याला वाट करून देते. असे असेल तर कितीही जेली लावा, उपयोग नाही. गवतच हटवायला हवे. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून आणि तोंड झाकून मुळासकट उपटावे. ज्या बाईला त्रास आहे तिने तर उपटायलाही जाऊ नये. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा आता आपल्याकडेही पावसाळ्यात या गवतावर दिसतो. तो दिसला तर कीड म्हणून मारू नका, तो आपले काम करतो आहे. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह असतो, तेव्हा गावाने मिळून एक सकाळ काढली तर बरे.

उन्हाचे थोडक्यात सांगते. उन्हाळ कांद्याच्या काढणीत, एप्रिलमध्ये, दिवसभर वाकून काम असते. तीस किंवा त्याहून जास्त एसपीएफचे, झिंक ऑक्साइड असलेले क्रीम चांगले. झिंक आपल्याला नवे नाही, पिकाला देतोच. ते पांढरट दिसते म्हणून बाया लाजतात. थोडे दिसले तर दिसू द्या. पण घामाने ते वाहते आणि शेतात दोन-दोन तासांनी कोण लावत बसणार? म्हणून खरा भरवसा कापडाचा. दाट विणीचा, गडद रंगाचा सुती रुमाल, सैल बांधलेला. घट्ट बांधला तर घामाने कातडी सोलते.

घरातल्या दोन वस्तू पाहा. पांढरे केस झाकायला या वयात काळा रंग किंवा काळी मेंदी लावायला सुरुवात होते. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाचे अनेकींना वावडे असते. केस रंगवल्यावर एक-दोन दिवसांत कपाळ, कान, पापण्या सुजल्या तर दुसरे कारण शोधू नका. आणि टिकली. तिच्या गोंदाने कपाळाला खाज येते, कधी तिथे पांढरा डागही पडतो. थोडे दिवस कुंकवाची टिकलीही नको, गोंदाचीही नको. कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलेच तर डॉक्टरांचे नाव सांगा.

आता पुन्हा त्या ट्यूबकडे येते. औषधाच्या दुकानात "चेहरा उजळायला काहीतरी द्या" म्हटले की जे मिळते, त्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. ही औषधे वाईट नव्हेत. डॉक्टर ती ठराविक जागी, ठराविक दिवस देतात. चेहऱ्याला रोजची साय म्हणून ती लावायची नसतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर ती सर्रास मिळतात. चिठ्ठीच्या औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते. त्रिकोण पाहता तशी ती पाहायला शिका. आणि महिनोन्महिने लावत आला असाल तर आज वाचले म्हणून ट्यूब एकदम फेकून देऊ नका. ती घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. एकदम बंद केल्यावर चेहरा पेटतो, हे मी भोगले आहे.

ज्यावर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची नावे नाहीत, अशी गोरे करणारी क्रीमे तर घरातही आणू नका. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबातल्या मायलेकींची बातमी आली होती. गोरेपणाचे क्रीम लावून त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. कातडी कोरडी पडली म्हणजे ती काळी पडली असे नव्हे, आणि गोरी करणे हा त्यावर इलाज नव्हे.

डॉक्टरांकडे कधी जायचे? महिनाभर साबण बंद करून, वाफशावर जेली लावूनही आग राहिली तर. पाणी सुटले, फोड आले, डोळे सुजले तर लगेच. कोरडेपणाबरोबर सुस्ती, वजन वाढणे, आवाज घोगरा होणे, थंडी सोसेनाशी होणे असे असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. या वयात तो आजार पुष्कळ बायांना असतो आणि पाळीच्या नावावर खपून जातो. गालांवर लाली आणि बरोबर सांधे दुखत असतील तर तेही दाखवावे. फिकट चट्टा असून त्याला टोचलेले कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध फुकट मिळते आणि पूर्ण बरे वाटते. संप्रेरकांच्या गोळ्या केवळ चेहऱ्यासाठी कोणी घेऊ नयेत. वाफा, झोप, हाडे यांचा विचार करून स्त्रीरोगतज्ज्ञाने तो निर्णय करायचा. आणि एक वर्ष पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेले, तर चेहऱ्याचे सोडून आधी ते दाखवा.

चैत्रात मी पुन्हा त्या गावी गेले, खरड छाटणीच्या वेळी. वहिनी भेटली. पदर डोक्यावरच होता, तोंडावर नव्हता. गाल पूर्ण निवळले नव्हते. वाफ आली की अजून लाल होतात म्हणाली, पण पापुद्रे गेले होते आणि भाचीच्या लग्नाला ती जाऊन आली होती. माझ्याशी ती बोलली ती सबकेन कधी करायचे याबद्दलच. तिची धाकटी जाऊ मात्र सगळ्या निघून जाईपर्यंत थांबली. मग तिने पर्समधून अर्धी वापरलेली ट्यूब काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." चष्मा लावायच्या आधीच मला लाल रेघ दिसली.